पाच ते सहाचा तास

डोंबिवली (प.)
शुक्रवार, २८ मार्च २०२५

प्रिय रचना,

सप्रेम सलाम. आधी तुझ्या आईची तब्येत सांगते. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन सोमवारी. इतका वेळ न हलता पडून राहिल्याने किडनीवर ताण आलाय. क्रिएटिनिन काल ४.१ होतं, आज ३.६. उतरतंय, पण डॉक्टर 'बघू' एवढंच म्हणतात. भीमामावशी शुद्धीवर आहेत. उद्या मस्कतहून तुझं विमान उतरेल तेव्हा माझा भाऊ सिद्धेश घ्यायला येईल.

काल आपण दोनदा फोनवर बोललो. दोन्ही वेळा तू विचारलंस, "आई तशा अवस्थेतही प्रार्थना करत होती ना?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "रवींद्रकाका तसं सांगतात." ते खोटं नव्हतं. पण उत्तरही नव्हतं.

साखळी तुला आठवत असेल. लेंतच्या, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत चर्चच्या मंडळीतलं एकेक जण प्रार्थनेचा एकेक तास घेतं आणि तास संपला की पुढच्याला फोन करतं, "माझा झाला, आता तुझा." मावशींचा तास पहाटे पाच ते सहा. सहाला त्या मालनमावशींना फोन करायच्या. यंदा मी त्याचं ॲप केलं. फोन करणं बंद, तास झाला की मोबाईलवर खूण करायची. पहिल्या आठवड्यात म्हातारी माणसं खूण करायला विसरायची, साखळी तुटलेली दिसायची आणि मंडळीचे सेक्रेटरी म्हणून रवींद्रकाका माझ्यावर चिडायचे. मग मी कोडमध्ये दोन ओळी वाढवल्या. तास उलटून दहा मिनिटांत खूण आली नाही तर ॲपने ती आपणहून करावी. हे कुणालाच सांगितलं नाही.

मावशी सोमवारी संध्याकाळी पडल्या. मंगळवारी आणि बुधवारी ६.१० ला त्यांच्या नावापुढे खूण आहे. ती त्यांची नाही.

एक्केचाळीस तास, रचना. बुधवारी अकराला मालनमावशी कोपरहून रिक्षा करून शीळफाट्याला गेल्या म्हणून कळलं. मला म्हणाल्या, "तुझं यंत्र बरोबरच असेल गं. पण तीन आठवडे झाले भीमाचा आवाज ऐकून. मला करमेना." चौदाव्या मजल्याच्या दाराचं बोटाच्या ठशाचं कुलूप उघडायला कंपनीचा माणूस यावा लागला. त्यात आणखी चाळीस मिनिटं.

तो फ्लॅट तू घेतलास तेव्हा मीच म्हणाले होते की सुरक्षित आहे. चाळीत दार दिवसभर उघडं असायचं, त्याची मला भीती वाटायची. तू पैसे पाठवत होतीस, मी उपकरणं बसवत होते, आणि आपण दोघी निर्धास्त होतो. तुला दोष देत नाही. माझा वाटा कमी करायलाही हे लिहीत नाही.

रविवारी काका साक्ष देणार आहेत की भीमाबाईंनी जमिनीवर पडूनही तास सोडला नाही. मी काल त्यांना खरं सांगितलं. ते मग म्हणाले, "त्यातून किती घरांना बळ मिळालंय, पाहिलंस का? लेंत तरी संपू दे."

आज सकाळी मी मावशींनाच विचारलं.

"प्रार्थना कसली गं," त्या म्हणाल्या. "पाणी पाणी करत होते. एकदा तर प्रभूला शिव्या दिल्या. काकांना नको सांगूस." हसायला गेल्या आणि दुखलं म्हणून थांबल्या.

ते मी मंडळीत बोलणार नाही. ते त्यांचं आहे. खूण माझी होती, एवढं रविवारी उभी राहून सांगणार आहे. तुला ते सगळ्यांसोबत बाकावर बसून ऐकावं लागू नये म्हणून आजच लिहून मेलने पाठवते आहे. त्यानंतर तू मला वॉर्डात येऊ नको म्हणालीस तर येणार नाही.

आत्ता त्यांच्या पलंगाशी बसले आहे. मॉनिटर चालू आहे, आकडे ठीक आहेत. तरी दर थोड्या वेळाने विचारते, "मावशी, आहात ना?" मघाशी वैतागल्या. "आहे गं बाई. किती वेळा विचारशील?"

जिच्यावर तू आई सोपवलीस ती,
दीप्ती