लेन्सवरचं कॅनडा

बाबा, तुमची लेन्स अस्सल निघाली. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि आता कुठे मी हे सांगतेय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

अमरावतीच्या आपल्या फोटो स्टुडिओत तुम्ही ती पहिल्यांदा आणलीत, तो दिवस आठवतो. नागपूरच्या एका निवृत्त साहेबांनी जपून वापरलेली, जर्मन कंपनीची लेन्स. समोरचे स्टुडिओवाले काका ती हातात फिरवतात, कडेवरची बारीक अक्षरं वाचतात आणि हसतात, "भाऊ, कंपनी जर्मनीची अन् लिवलं कॅनडा? तुमाले गंडवलं कोनं तरी." तेव्हापासून गावभर तुमची लेन्स डुप्लिकेट. तुम्ही बिचारे ज्याला त्याला समजावत राहिलात, की ही कंपनी आधी सूक्ष्मदर्शक करायची, मग छोटे कॅमेरे करू लागली आणि महायुद्धानंतर तिनं कॅनडातही कारखाना काढला. लोक तोंडावर मान डोलवायचे, मागे हसायचे. त्या लेन्सनं काढलेल्या फोटोत आजीच्या पापण्या मोजता यायच्या, पण ते कोणी बघायचं नाही.

लग्न होऊन मी इथे कॅनडात, ओकव्हिलला आले तेव्हा माझ्यापेक्षा आनंद तुम्हाला. "बाई, तो कारखाना तिकडंच हाय, पान्याच्या काठी. जाऊन ये, अन् लिहून आन त्यायच्याकून." दोन तासांचा रस्ता. आधी गाडी नव्हती, मग नोकरी, मग बाळ, मग स्नो. एका रविवारी वरणाला फोडणी देता देता मी फोनवर म्हणून टाकलं, "जाऊन आले बाबा. अस्सल आहे म्हणाले." तुम्ही किती हसलात! मग विचारलंत, "लिहून देलं का?" मी म्हटलं, पाठवणार आहेत. त्यानंतर दर रविवारी, "आलं का वं पत्र?" पुढे तुम्ही विचारणं सोडलंत. मला सुटल्यासारखं वाटलं, त्याची लाज अजून जात नाही.

तुमच्यामागे आईनं लेन्स मला दिली. ती इथे बेसमेंटमध्ये पडून होती. परवा लेकाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "मॉम, इट्स टू आवर्स. लेट्स जस्ट गो." गेलो. इमारत आहे, आत दुसरीच कंपनी. गेटवरच्या गार्डनं जवळच्या कॉफी शॉपमधल्या एका म्हाताऱ्याकडे पाठवलं. त्यानं उभा जन्म त्या कारखान्यात काचा पॉलिश केलेल्या. त्यानं लेन्स खिडकीकडे धरली, नंबर वाचला. मग म्हणाला, "दिस इज अवर्स. एव्हरीबडी वॉन्टेड द जर्मन वन्स, यू नो. अवर्स वर जस्ट ॲज गुड." तुम्ही असता तर त्याला घट्ट मिठी मारली असतीत. मी मागितलं तसं त्यानं एका कागदावर लिहिलं आणि खाली सही केली.

कागद आता किचनच्या टेबलावर आहे. कोणाला दाखवू? समोरचे काका गेले, आईला माणसं ओळखू येत नाहीत. लेकानं फोटो काढून कझिन्सना पाठवला, त्यांनी अंगठे पाठवले. मी सकाळपासून तो उचलते आणि परत ठेवते. काय करावं खरंच कळत नाही.

आणि बाबा, गाडी, नोकरी, स्नो, ही नुसती कारणं होती. मी गेले नाही, कारण मलाही ती डुप्लिकेटच वाटायची.