कॅबिन तीनचा पाइप

रास अल खैमा, ५ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सुदेशचा शि. सा. नमस्कार, वि. वि.
फोनवर तुम्हाला माझं निम्मंही ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून शेजारच्या काव्याच्या मोबाइलवर फोटो पाठवतोय. वाचताना तिनं पदरचं घालू नये.

इथं डोंगरावर पाहुण्यांच्या कॅबिनमध्ये चांगलीच थंडी असते. मॅनेजर विजयकुमार साहेबांनी लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारे स्टोव्ह आणलेत. धुराडं आलं नाही आणि बुकिंग तर सुरू. मग एसीचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप जोडून बाथरूमच्या पंख्याच्या भोकातून बाहेर काढ म्हणाले. एसीचं काम माझंच, अर्ध्या दिवसात टेप गुंडाळून बसवला. टेस्टिंगसाठी मी आणि आचारी मोईन तीन नंबरात झोपतो. सकाळी दोघांचंही डोकं ठणकतं, बाहेर फिरलं की उतरतं. थंडीनं असेल.

आईला नमस्कार. लोभ असावा.
आपला, सुदेश

देवरुख, ७ जानेवारी

चि. सुदेश यास अनेक आशीर्वाद.
बाहेर गेल्यावर उतरतं, ती थंडी नव्हे. उभा जन्म मी बेकरीच्या भट्ट्या बांधल्या. चिपळूणला माझा जोडीदार भट्टीच्या कोंडलेल्या विषारी हवेनं गेला, त्याला वाससुद्धा आला नव्हता. तो पाइप गार हवेचा. धुराडं लोखंडी, सांधे पक्के, बाहेर उभं वर गेलेलं हवं. आजच काढ. साहेब रागावले तर रागावू देत.

आई म्हणते, स्वेटर पेटीतून काढ. रंग तुला आवडत नाही हे तिला ठाऊक आहे.
तुझा, बाबा (दत्ताराम)

रास अल खैमा, १० जानेवारी

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.
आईला हे वाचून दाखवू नका.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, खलास, पाइप काढलास तर व्हिसा कॅन्सल. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, खाली जायला गाडी कंपनीचीच. मी पाइप तसाच राहू दिला. फक्त स्टोव्ह बंद करून झोपू लागलो.

काल दुपारी त्यांनी मोईनला कॅबिन गरम करायला पाठवलं. आज दोन लहान मुलं असलेलं कुटुंब उतरणार होतं. जेवायला हाका मारल्या, उत्तर नाही. आत गेलो तर तो जमिनीवर. ओढत बाहेर आणला. हॉस्पिटलात आहे, जिवंत आहे, पण मला ओळखत नाही.

साहेबांनी कागद आणलाय, मोईननं स्वतःच खोलीत कोळसा पेटवला म्हणून. सही केली तर पासपोर्ट आणि पुढच्या आठवड्याचं तिकीट. उद्या दुपारपर्यंत सांगायचंय.
सुदेश

देवरुख, १० जानेवारी

चि. सुदेश यास आशीर्वाद.
वाचल्यावर पहिला विचार आला, सही करून ये. खोटं कशाला सांगू? मग मोईनच्या घरीही कुणी असंच पत्र वाचत असेल, हे मनात आलं.

सही करून आलास तरी दार उघडीन, शेजारी बसवून जेवू घालीन. मोईनबद्दल कधीच विचारणार नाही, एवढं वचन मात्र मला देता येत नाही. आईला सांगितलेलं नाही. ती ओळखून आहे.
बाबा

रास अल खैमा, १९ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.
सही केली नाही. पोलिसांनी हिंदी बोलणारा माणूस बसवला होता. त्याला सांगितलं, "कोळसा नव्हता. पाइप मी लावला. सांगितलं साहेबांनी, पण लावला मी." त्यानं अरबीत काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. त्याखाली नाव लिहिलं.

सगळे स्टोव्ह बंद झालेत. पाहुणे आले त्याच दिवशी परतले. पासपोर्ट आता पोलिसांकडे. चौकशी संपेपर्यंत देश सोडायचा नाही, कामावरही जायचं नाही. कामगारांच्या एका खोलीत आठ जण आहोत. सकाळी सातजण कामाला जातात, मी राहतो. किती महिने, कुणी सांगत नाही.

मोईन शुद्धीवर आलाय. काल भेटायला गेलो. त्यानं मला नावानं हाक मारली, चहा मागितला. कुणी बाहेर काढलं हे त्याला आठवत नाही. पाइप कुणी लावला ते आठवतं. चहा पिऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपला. वेळ संपेपर्यंत मी स्टुलावर बसून होतो. उद्याही जाणार आहे.

आईला आता सांगा. लोभ आहेच, तो ठेवावा.
आपला, सुदेश