तरणतलावाच्या नकाशात चंपतमामा

धरमपेठ, नागपूर
ता. ९ मे १९६८

तीर्थरूप यमुआत्याले शालिकरामचा नमस्कार. वाकून केला आहे, पाठ दुखून राहिली तरी. (ऑफिसातलं टेबल उंच अन् माझं स्टूल बुटकं.) तुझे गुडघे कसे आहेत? रामटेकचा गड चढणं बंद केलं का नाही? इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून.

तुले माहीतच आहे, मी आर्किटेक्ट साहेबाकडे नकाशे काढतो. नोकरी अजून कच्चीच. सध्या एका क्लबाचा पोहण्याचा तलाव आमच्याकडे आला आहे. एका बाजूले पायऱ्यांची गॅलरी, तिच्यावर छप्पर, अन् खोल टोकाले उडी मारायचा मनोरा, तीन मजली घराएवढा. मनोरा किती उंच ते समजावं म्हणून नकाशात जवळ एक माणूस काढायची पद्धत आहे. ना नाक ना डोळे, नुसता साडेपाच फुटी माणूस. साहेब म्हणाले, काढू नको, क्लबवाले त्यालेच पाहत बसतात. मी नाही काढला. आईची शप्पथ, नाही काढला वं!

आता छाप कसा काढतात ते सांगतो. नकाशा काढलेला ट्रेसिंगचा पारदर्शक कागद छापाच्या कागदावर काचेखाली दाबून गच्चीवर उन्हात ठेवायचा. मग छापाचा कागद टबात धुतला की निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. मंगळवारी भर बारा वाजता मी कागद पाण्यात हलवला, अन् गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर एक माणूस उमटला. टोपी तिरपी, काखेत छत्री, एक हात कमरेवर. आत्या, तुझे मालक! आमचे चंपतमामा! तीन वर्षांमागं आपणच ज्यांले घाटावर... जाऊ दे. एवढ्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

ट्रेसिंग उजेडाकडे धरून पाहिलं, तिथं काहीच नाही. तरी तेवढी जागा ब्लेडनं खरवडली, तं भोक पडलं. पुढच्या छापात मामा भोक सोडून चार पायऱ्या खाली बसलेले. (बसायच्या जागेचे शौकीन पहिल्यापासून.) साहेब भडकले, तेही छत्रीवर! म्हणाले, "छपराखाली छत्री काहून दाखवली? क्लबवाल्यांले वाटेल, छप्पर गळते. सोमवारी मीटिंग आहे. हा बुवा निघाला नाही तं तूच निघ."

बुधवारी मामा तलावाच्या काठावर. आज सकाळी मनोऱ्याच्या शिडीवर, अर्ध्यात. ज्या माणसानं तुमच्या रामटेकच्या अंबाळा तलावात जन्मभर घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही, तो वर चढून राहिला! दुपारच्या छापात ते थेट मनोऱ्यावरच्या उडीच्या फळीच्या टोकाले उभे, पाण्याकडे पाठ करून. नकाशातल्या माणसाले तोंड नसते, आत्या. मामाले आहे. कोणाची तरी वाट पाहून राहिले असं वाटते. मले लई भेव वाटून राहिलं.

बाकी ठीक. शेजारच्या सिंधूताईले नमस्कार सांग, लोणचं पोचलं, मीठ जरा जास्त झालं.

तुझा भाचा,
शालिकराम

ता. क. खरं काम सांगायचं राहूनच गेलं. शनिवारच्या एस.टी.नं येऊन जा. मामांनी जन्मभर कोणाचं ऐकलं नाही, ऐकलं तं फक्त तुझं. गच्चीवर टबाजवळ उभी राहा अन् "उतरा आता" म्हण, एवढंच. माझी नोकरी तुझ्या हाती आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी एक छाप आणखी धुतला. फळीवर मामाच्या बाजूले आता एक बाई उभी आहे. नऊवारी, डावा खांदा जरा पडलेला, तुझा पडतो तसाच. मामांनी तिचा हात धरला आहे. येऊ नको वं आत्या! नोकरी गेली खड्ड्यात. हे पत्र टपालात टाकत नाही, आत्ताच घेऊन निघतो. मी पोचेपर्यंत पाण्याजवळ जाऊ नको.