घशातलं कांडं

१२ डिसेंबर

माधवनगरच्या दोन खोल्यांतून निघून आज या एवढ्या मोठ्या अंगणात येऊन पडले, आणि पहिल्याच दिवशी कसं मोकळं वाटतंय. जयराजची रजा संपली, तो राजस्थानात आपल्या युनिटवर परत गेला, आणि मी सासरी आले, रहिमतपूरपासून थोडं आत, त्याच्या आईवडिलांजवळ. निघताना आईनं बजावलं होतं, राजेश्वरी, तिथं तोंड जरा कमी चालव. ते जमेलसं वाटत नाही, म्हणून ही वही आणली. जे जिभेवर येईल ते हिच्यात ओतायचं.

मामंजी सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. चहाची कपबशीसुद्धा सावधानमध्ये धरतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र एकदम मऊ. मी भाकरी फाडून ठेवली, तर त्यांनी ती कुत्र्याला घातली आणि मला म्हणाल्या, येईल गं हळूहळू.

गोठ्यात दोन म्हशी आणि मैना नावाची गाय. म्हशींना मी अजिबात पसंत नाही. मैना मात्र लगेच मान पुढं करते. तिच्या नाकाशेजारी एक वण आहे, बरोबर नथ घालायच्या जागी. मी आत्याबाईंना विचारलं, हिचं नाक कुणी टोचलं? त्यांनी सांगितलं, दिवाळीनंतर शेजारचा ऊस तुटायला लागला, तवा फडातनं कोल्हं निघालं आणि थेट गोठ्यात शिरून मैनीच्या तोंडाला चावलं. हळद भरली, आठवड्यात भरून आलं. मला तो वण आवडला. दागिना घातल्यासारखी दिसते ती.

२१ डिसेंबर

वैरण टाकायचं काम माझ्याकडं आलंय, म्हणजे मीच मागून घेतलं. सध्या जनावरांना उसाचं वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. त्याची पानं अशी धारदार, की दोन्ही हात मनगटापर्यंत चिरलेत. साबण लागला की डोळ्यांत पाणी येतं. आत्याबाई म्हणाल्या, जुनी बाही घालून टाक. मी घालत नाही. मला ओरखडे दाखवायचेत. आज मामंजींनी माझ्या हातांकडं बघितलं आणि हंबीररावांना, आमच्या शेजाऱ्यांना, म्हणाले, पोरगी शहरातली हाय, पर कामाला भीत न्हाई. रात्री फोनवर हे मी जयराजला तीनदा ऐकवलं.

९ जानेवारी

मैना आजारी आहे. कालपासून खात नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, मान लांब करून उभी राहते आणि घोगरं हंबरते, सारखं. पाणी पुढं ठेवलं की तोंड खाली नेते आणि मागं सरकते. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांची जागा रिकामी आहे. हंबीरराव आले, लांबूनच बघून म्हणाले, आवं सुभेदार, घशात उसाचं कांडं आडकलंय, हात घालून काढा. इथं दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या जनावराचं असं होतं म्हणे.

मामंजींनी घातला. पण त्यांचा पंजा मोठा, पुढं जाईना. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. तुझा हात बारीक हाय, बघतीस का?

मी उजवा हात घातला. कोपरापर्यंत आत. हंबीररावांनी जबडा धरला होता, मामंजींनी मान. आत गरम, खरखरीत जीभ, दात हाताला घासत होते. मी चाचपडून चाचपडून बघितलं, कांडं काही सापडलं नाही. मैनानं गिळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, हे मला विचित्र वाटलं. हौदात हात बुडवला, ओढणीला पुसला. मामंजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. आत्याबाईंनी संध्याकाळी माझ्यासाठी मुद्दाम शिरा केला. मैनाची काळजी आहेच, पण आज मी या घरची झाले, हेही खरं.

१२ जानेवारी

मैना गेली. शेवटी मागचे पाय ओढत होती. मळ्याच्या कडेला पुरली. मामंजींनी स्वतः माती लोटली. मला म्हणाले, आपुन वेळंवर कांडं काढाय पायजे होतं. मला त्यांचा तो आपुन लागला आणि बरंही वाटलं. खूप रडले.

२ मार्च

बरेच दिवस वहीला हात लावला नाही, सगळं ठीक होतं. चार भाकऱ्या गोल जमायला लागल्या.

उजव्या हाताला मुंग्या येतायत. जिथं ओरखडे होते तिथंच. ते तर कधीच भरले, वणसुद्धा नाही, पण आतून खाज, इतकी की चमच्यानं खाजवते. अंगात कणकण आहे. आत्याबाईंनी धन्याचं पाणी दिलं, उन्हाळा बाधला म्हणाल्या. झोप लागत नाही, उगाच धसका बसल्यासारखं होतं, भांडं पडलं तरी छाती धडधडते. मी अशी नाही. आमच्या गल्लीत मीच सगळ्यांना घाबरवायचे.

४ मार्च, सकाळ

पंखा बंद करायला लावला. वारा गालावर आला की गळा आवळतो. आत्याबाई हसल्या, एवढ्या उकाड्यात? मीही हसले. पण दुसऱ्यांदा लावला तेव्हा मी किंचाळले. आत्याबाई हसायच्या थांबल्या.

चहा गिळताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. अगदी कांडं असावं तसं.

हे लिहिलं आणि मागं जाऊन मैनाचं पान परत वाचलं.

४ मार्च, दुपार

जनावरांच्या दवाखान्यात नव्या डॉक्टर आल्यात, क्रांती नाव, माझ्याच वयाच्या. हंबीररावांचं रेडकू लाळ गाळतंय, म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही. मग घरोघर विचारत आमच्याकडं आल्या, तुमचं कुठलं जनावर असं मेलंय का. आत्याबाईंनी मैनाचं सांगितलं. कोल्ह्याचंही सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, कांडं अडकलेलं नसतं. पिसाळलेल्या जनावराचा घसाच लुळा पडतो, म्हणून लाळ बाहेर येते. तो रोग लाळेत असतो, चिरलेल्या कातडीतून आत शिरतो आणि मज्जातंतूंमधून हळूहळू वर सरकतो, मेंदूपर्यंत. महिना, दोन महिने काही कळत नाही. तोवर लसीची सुई घेतली तर माणूस वाचतो.

ज्यांनी ज्यांनी हात लावला ते सगळे आत्ता चला, असं त्या म्हणाल्या. मी दारात उभी होते. उजवा हात खाजवत होते. त्यांनी ते बघितलं. मग त्यांनी माझ्याकडं बघणं टाळलं.

५ मार्च

साताऱ्यात. वेगळी खोली, खिडकीला काळा कागद, पंखा नाही. मलाही सुया दिल्या. डॉक्टर फार प्रेमानं बोलतात. इतक्या प्रेमानं कुणी सर्दीतापाच्या पेशंटशी बोलत नाही.

आत्याबाईंनी सुई घेतली. हंबीररावांनी घेतली.

मामंजी घेत नाहीत. त्यांचाही हात मैनाच्या तोंडात होता, त्यांचेही हात चिरलेले होते, माझ्यापेक्षा जास्त. डॉक्टरांनी समजावलं, आत्याबाई पाया पडल्या. ते व्हरांड्यात बाकावर ताठ बसून आहेत. मला न्हाई काय झालेलं, एवढंच म्हणतात.

जयराज निघालाय. दोन गाड्या बदलून.

५ मार्च, संध्याकाळ

मामंजी आत आले. मी सांगितलं, सुई घ्या. ते भिंतीकडं बघून म्हणाले, म्या सुई घेतली तर तुला त्योच रोग झालाय हे मान्य केल्यागत हुईल. मला ते करायचं न्हाई. तुला उन्हाळा बाधलाय. आणि मग, अगदी हळू, की हात घाल असं म्या म्हणालो हुतो.

मला राग आला, खूप. यांना असं वाटतं की मला सोबत म्हणून — नको मला असली सोबत. जयराज येईल तेव्हा कुणीतरी — आत्याबाई एकट्या —

त्यांना राग दाखवला. तरी ते बसूनच.

६ मार्च

मध्येच चांगलं वाटतं. आत्ता तसं आहे. तेवढ्यात लिहिते. अक्षर माझं नाही वाटत.

थुंकी गिळता येत नाही. टॉवेल धरलाय तोंडाशी. मैनासारखं. आवाजही तसाच, घोगरा. नर्स दाराशी थांबते, आत येताना पदर सावरते म्हणजे वारा नको.

तहान लय लागलीय. लय — बघा, इथली झाले मी.

मामंजींना एकच सांगायचं राहिलंय. बोलून ऐकत नाहीत. तर दाखवायचं. नर्सकडून पाण्याचा पेला मागवला. मामंजींना बोलवा म्हटलं. त्यांच्यासमोर —

६ मार्च, नंतर

पेला नुसता जवळ आणला. ओठालाही नाही. अंग सगळं — गळा — मी मागं, भिंतीला, मान लांब —

त्यांनी ओळखलं. मैनाची मान त्यांनीच धरली होती. पेला त्यांनीच काढून घेतला, पाणी लांब नेऊन ओतलं. परत आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, ताठ माणूस, पण वाकून. मी म्हटलं, मामंजी, उन्हाळा नाही ना. ते म्हणाले, न्हाई पोरी.

मग गेले —

भीती वाटते. खरंच लिहिते, खूप भीती वाटते. आई —

दार. थोडंसं उघडलं, वारा येईल म्हणून थोडंच. मामंजी. बाही खांद्यापर्यंत वर केलेली. दंडावर कापूस, बोटानं दाबून धरलेला, मला दिसावा म्हणून दंड पुढं —

घेतली —

बरं वाटलं. आता जयराज आला की त्याला सांगा, मी