आईचं कोपर

जालना, १२ जुलै २०२४

ती. कल्याणदादा,

शि. सा. नमस्कार आज लिहीत नाही, कोपरापासून नमस्कार घे. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद.

आई ओट्यावरून पडली, तिचं कोपर मोडलं, आणि मला ते महिन्यानं तातेरावमामांकडून कळावं? मामा म्हणाले, तू तिला दवाखान्यात नेलंच नाहीस, गावातल्या हाडं बसवणाऱ्याकडून पट्टी बांधून घेतलीस. आता हात वाकत नाही, तरी वहिनी तिला धुणं धुवायला लावते म्हणे. आई बोलत नाही, म्हणून काहीही खपवायचं? मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये, दादा.

लोभाचं नंतर पाहू.

तृप्ती

कुंभार पिंपळगाव, २० जुलै

चि. तृप्तीस,

आशीर्वाद शिल्लक न्हाईत. तिकडं बसून कोपरखळ्या मारायला तू बराबर हुशार. दर दिवाळीला आईला म्हणतीस, पुढच्या महिन्यात न्यायला येते. ती बिचारी पिशवी भरून बसती. किती वर्षं झाली, तिच्या कोपराला गूळ लावून राह्यलीस.

ती पडली तव्हा मी घनसावंगीला खत आणायला गेल्तो. आल्यावर तीच म्हणली, दवाखाना नको. धुणं ती आपणहून करती, अडवलं तर रडती. तुला जाब देणार न्हाई. एवढी माया असंल तर येऊन घेऊन जा.

माया वाढव, पत्रं नको.

कल्याण

हसनाबाद, २५ ऑगस्ट

चि. कल्याण आणि चि. तृप्ती, दोघांस एकच आशीर्वाद.

तुमच्या बेबीनंदामावशीची सून अंतरा हे लिहून घेऊन राह्यली. तृप्तीचं पत्र कल्याणनं मला वाचून दाखवलं, आपलं उत्तर बी दाखवलं. दोन्हीत माझं कोपर होतं, पण दुखतं का, हे कुणी पुसलं न्हाई. मंग मी पिशवी घेतली अन् बसनं बहिणीकडं आले. गाडी जालन्यात थांबली, तृप्तीचं घर तिथून जवळ. उतरले न्हाई.

इथल्या डॉक्टरनं व्यायाम सांगितला. बेबीनंदा रोज हात धरून वाकवती. मी वरडते, ती सोडत न्हाई. मंग दोघी चहा पितो.

न्यायला कुणी येऊ नका. तुमचा लोभ तुमच्याजवळ राहू द्या, एकमेकांला लागंल.

आज वेणी माझी मी घातली. वाकडी आली. तशीच ठेवली.

तुमची आई,
नंदाबाई