एका मताचा सरपंच

मु. पो. चिरेखोल, पण सध्या वेशीबाहेर,
व्हाळाच्या पलीकडची तिसरी झोपडी

ती. निलेशदादा यांस,

दत्तारामचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण या झोपडीत सरळ उभं राहिलं की डोकं माडाच्या झावळांना लागतं.) वहिनींची कंबर कशी आहे? म्हापशाच्या डॉक्टरने रोज चालायला सांगितलं होतं. त्या चालतात, की चालल्याचं नुसतं तुम्हाला सांगतात? इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकतो. तुमच्या आईची, म्हणजे आमच्या आनंदीकाकीची, तब्येत ठणठणीत आहे. जरा कमी ठणठणीत असती तर बरं झालं असतं, असं आज प्रथमच वाटतंय, पण त्याकडे मी मागाहून येतो. पत्र बघून दचकू नका. फोनच करणार होतो, पण या भिंती झावळांच्या. मी इकडे फोन कानाला लावला की चौथ्या झोपडीतून लक्ष्मी विचारते, "कोण रे, म्हापशाचो काय?" आणि मला जे सांगायचं आहे ते लक्ष्मीने ऐकलं की माझं गावात राहणं संपलं.

दादा, मी सरपंच झालो. थांबा, पेढे आणायला जाऊ नका. मला एकूण एक मत पडलं. समोरच्या रॉकीला एकही नाही. 'वरीलपैकी कोणीही नाही' यालासुद्धा एकही नाही. म्हणजे आख्ख्या चिरेखोलात एकाच माणसाने मतदान केलं आणि ते मला केलं, आणि ज्या दिवशी केलं त्या दिवशी गावात माणूस असणंच शक्य नव्हतं, कारण गावपळण चालू होती. माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

तुम्ही मागच्या दोन्ही गावपळणींना आला नाहीत, तेव्हा आठवण करून देतो. देवाने कौल दिला की सगळा गाव माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस वेशीबाहेर येऊन राहतो. गाव देवाच्या ताब्यात. आत पाऊल टाकायचं नाही. मग वेशीवरच्या पाषाणाला भिजवलेले तांदूळ लावायचे. उजवीकडचा दाणा पडला की परत जायचं, डावीकडचा पडला की मुकाट्याने बसायचं. हे का सुरू झालं याच्या तीन हकिगती आहेत आणि तिन्ही देवाला कौल लावणारे आपले बाबली गावकारच सांगतात, समोर कोण बसलंय ते बघून. पाहुण्यांना सांगतात साथ आली होती. पोरांना सांगतात भुतं होती. आणि दोन घोट पोटात गेले की सांगतात, कुठल्यातरी राजाचे लोक सारा वसूल करायला यायचे, म्हणून आपल्या पूर्वजांनी गावच रिकामा ठेवायची युक्ती काढली. माझा विश्वास तिसरीवर आहे, कारण पंचायतीचा शिपाई घरपट्टी मागायला निघाला की आजही वाडीत फक्त कोंबड्या भेटतात.

तर यंदा देवाने गावपळणीची जी तारीख दिली, तीच निवडणूकवाल्यांनी पोटनिवडणुकीची दिली. (आपल्या आधीच्या सरपंच सारिकाताई नवऱ्याची बदली झाली म्हणून राजीनामा देऊन गेल्या, आणि सहा महिने ती खुर्ची शाळेच्या गॅदरिंगला वापरत होते.) आम्ही तालुक्याला अर्ज केला; तारीख बदलत नाही म्हणाले. मग देवाला पुन्हा कौल लावला. त्यानेही बदलली नाही. दोन्ही सरकारांपुढे गावाचं काही चाललं नाही. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की कुणीच मत घालायचं नाही, काय व्हायचं ते होऊ दे. मी उमेदवार होतो तो केवळ रॉकी फर्नांडिस बिनविरोध येऊ नये म्हणून. आणि रॉकी का उभा होता, तर मी बिनविरोध येऊ नये म्हणून. आमच्यात वैर मुळीच नाही. गावपळणीला त्याचंही कुटुंब येतं. त्याची आई लूर्डस तर सगळ्यांच्या आधी कोंबड्यांचे पाय बांधून तयार असते. शेजारीच झोपडी आहे त्यांची.

मतदान घ्यायला तालुक्याहून पाच माणसं आली. रिकाम्या शाळेत यंत्र मांडून बसली. दुपारनंतर त्यांतले मोठे साहेब व्हाळाच्या पाण्यापर्यंत आले आणि पलीकडून आम्हाला हात जोडून म्हणाले की दहा मिनिटांचं काम आहे, या. आम्हीही इकडून हात जोडले. मग बराच वेळ दोन्ही बाजूंनी नुसताच नमस्कार चालला होता. शेवटी ते गेले. मतमोजणी तालुक्याला, म्हणजे वेशीबाहेरच, म्हणून मी आणि रॉकी एकाच मोटारसायकलवरून गेलो. आम्हाला वाटलं शून्य आणि शून्य, चिठ्ठी टाकतील. आकडा वाचला तेव्हा मला वाटलं चुकून दुसऱ्या गावाचा वाचला. मी आ वासून उभा. त्याच मोठ्या साहेबांनी माझा हात हातात घेऊन "फार चांगला गाव आहे तुमचा" असं म्हटलं, तरी तोंड मिटेना. येताना रॉकी बांद्याच्या नाक्यावर गाडी थांबवून म्हणाला, "दत्ता, तां मत माका पडला असता तर मी आज घराक येवचंय नाय असतंय रे."

आणि खरंच तसंच झालं, फक्त माझ्या बाबतीत. आम्ही पोचायच्या आत बातमी पोचली होती. सरपंच कोण झाला याचं कुणाला काही नव्हतं. गावपळण मोडली कुणी, एवढंच सगळे विचारत होते, आणि विचारताना बघत होते माझ्याकडे. बाबली गावकारांनी सगळ्यांना रांगेत उभं करून डाव्या हाताची तर्जनी बघितली. माझी तर दोनदा, एकदा रॉकेल लावून. पण निम्म्या बायका काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या, त्यांची दहाही बोटं बाराही महिने काळी. शाई कुठली आणि काजूचं तेल कुठलं, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. एकेकीला विचारलं, तू मत घातलंस? सगळ्या नाही म्हणाल्या. परतीचा कौल लावला, दाणा डावीकडचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा डावीकडचा. ठरलेले तीन दिवस कधीच संपले, दादा. शाळा बंद, गुरांचं गवत संपत आलं, लूर्डसच्या अर्ध्या कोंबड्या खाऊन झाल्या, आणि मी अशा गावाचा सरपंच आहे ज्यात मलाच जाता येत नाही. काल माझ्या झोपडीत कुणी विस्तव मागायलासुद्धा आलं नाही. मला रडायला आलं, खोटं कशाला सांगू.

आणि आज सकाळी आनंदीकाकी माझ्या शेजारी बसून काजू फोडता फोडता, जणू भाताला पाणी जास्त झालं असं सांगावं तशी म्हणाली, "तां मत मी घातलंय रे."

मी आधी चौथ्या झोपडीत लक्ष्मी नाही ना ते बघून घेतलं. मी विचारलं, का? म्हणाली, "पाच माणसां सकाळपासून उपाशी बसली हत. आपल्या गावात येवन कोण उपाशी रवलो तर देव काय म्हणात? पेज घेवन गेलंय. साहेब म्हणालो, आजी, इलास तर मत घाला. तेका बरा वाटांदे म्हणान पयलो बटण दाबलंय." आणि मग मलाच विचारते, "कोणाचो होतो तो?"

रांगेत तेव्हा नाही का म्हणालीस, तर सगळ्या नाही म्हणत होत्या म्हणून. आता मात्र तिला राहवत नाही. संध्याकाळी पाषाणासमोर सगळ्यांना सांगणार म्हणते. दादा, पंचाहत्तरी उलटलेली बाई. बाबलीकाका तिला भर गावात काय बोलतील, दंड काय लावतील, आणि पुढच्या जत्रेत तिला ओटी भरू देतील की नाही, कोण जाणे. मी सांगतो की मीच गेलो होतो, तर ती म्हणते तुझं बोट सगळ्यांनी दोनदा बघितलंय. म्हणून हे पत्र. बांद्याचा पाववाला आला की त्याच्या हाती देतो, तो दुपारी म्हापशालाच जातो. वहिनींना व मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि पुढचं नीट वाचा.

तुमचा,
दत्ताराम
(सरपंच म्हणून सही करायचा धीर होत नाही)

ता. क. : तुमचं नाव अजून आपल्या यादीत आहे आणि तुम्ही बाहेर राहता, तुम्हाला गावपळण लागू नाही. तुम्ही येऊन फक्त एवढंच म्हणा की मत तुम्ही घातलंत. बोटाला शाई लागेल. म्हापशाला मिळत नसेल तर तशीच दिसणारी काहीही लावून या, पण डाव्या हाताला.

ता. क. दुसरा : शाई नको. पाववाल्याला आज उशीर झाला आणि तेवढ्यात काकी उठून सगळं बोलून मोकळी झाली. मी डोळे मिटून घेतले. कुणी ओरडलं नाही म्हणून उघडले, तर लक्ष्मी उभी राहिली आणि म्हणाली की तीही गेली होती, तळलेले बांगडे घेऊन. मग लूर्डस उभी राहिली: अंडी. मग रॉकी: केळी आणि थंड सरबत. मग, दादा, खुद्द बाबली गावकार खाली मान घालून म्हणाले, "शहाळी. माणसां आपल्याकडे इलली." प्रत्येकजण एकटाच, बाकीच्यांना चुकवून, व्हाळ ओलांडून गेला होता. मग बाबलीकाकांनीच गाऱ्हाणं घातलं, "उपाशी माणसाक घास घालूक तुजी लेकरां आत गेली, जी काय चूक झाली ती पदरात घे रे महाराजा," सगळे "व्हय महाराजा" म्हणाले, आणि उजवीकडचा दाणा टपकन पडला. आता सगळे झोपड्या मोडून हसत-खिदळत घरी निघालेत. आख्ख्या गावात गावपळण पाळली ती मी एकट्याने.

ता. क. तिसरा : पूजाला आत्ता विचारलं. माझी बायकोही गेली होती, सोलकढी घेऊन. साहेबांनी तिला मत घाला म्हणून दोनदा सांगितलं. यंत्र समोर, माझं नाव पहिलं. ती "नको" म्हणाली. मी म्हटलं, अगं, गेलीच होतीस, तर निदान मला एक मत! तर पातेलं घासता घासता म्हणते, "जेवण घालना येगळा. मत घालून कोणी गावपळण मोडता?"

तुमच्याकडची मागची खोली रिकामी असेल तर पाववाल्याजवळ उलट निरोप द्या. मी चार दिवस एकटाच येईन.