तुझ्या ठिपक्याची शांती

प्रिय ताई,

तू गेल्यावर तुझ्याशी बोलायचंच नाही, असं रागानं ठरवलं होतं. पण आज तुझ्या मेलवर पत्र आलं. तू शोधलेल्या लघुग्रहाची कक्षा पक्की झाली, त्याला कायमचा क्रमांक मिळाला, आता नाव सुचवा म्हणे! गेलेल्या माणसाला विचारतायत!

आठवतं? तू शिकवायचीस त्या शेलूबाजारच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून तू लघुग्रह शोधायच्या मोहिमेतून आलेले आकाशाचे तेच चार फोटो संगणकावर पुन्हापुन्हा फिरवत होतीस. "जयू, सारे तारे जागेवर हायेत. हा एकच सरकून राह्यला, पाह्य!" मला तर ती पडद्यावरची धूळ वाटली. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला दगड तो, सूर्याभोवती एका फेरीला चार-पाच वर्षं घेणारा. कोळशासारखा काळा, म्हणून इतके दिवस कोणाला दिसला नव्हता.

आणि घरी काय झालं? पत्रिकेत मंगळ म्हणून तुला आधीच तीन स्थळांनी नाकारलेलं. मामानं 'लघुग्रह'मधलं 'ग्रह' तेवढं ऐकलं. "नवा ग्रह लागला पोरीले! शांती करा लागते." आणि तू, विज्ञानाची शिक्षिका, बसलीस की गं पाटावर! स्वतः शोधलेल्या दगडाची शांती करायला! मी ओरडले, तर म्हणालीस, "जाऊ दे व. आईच्या जीवाले बरं वाटते."

या 'जाऊ दे'चाच मला संताप येतो. पोटातल्या दुखण्यालाही तू हेच म्हणालीस ना? डॉक्टरकडे गेलीस तेव्हा फार उशीर झाला होता. तेरवीच्या पंगतीत मामा सांगत होता, "म्या म्हनलं होतं, ग्रहच भोवला." मी वरणाची बादली तिथंच आपटली.

आज पुन्हा तोच मामा! "तिचं नाव नोको देऊ, अशुभ हाय. देवाचं दे." आईनंही मान हलवली. मग मी तिच्यासमोर कागदावर सूर्य काढला, पृथ्वी काढली, मंगळ काढला आणि त्याच्या पुढे तुझा ठिपका.

आईनं कागद जवळ ओढला. "हा मंगळाच्या पल्याड हाय?"

"हो."

"मंग तिथं मंगळ नाही आडवा येत तिले?"

नाही येत, ताई! अर्जात तुझंच नाव, 'वनिता', लिहिलंय, आईनं बोट ठेवून वाचलंय. आता कोणी शांतीचा पाट मांडला, तर तो मी उचलून अंगणात फेकणार. शब्द देते. यावेळी मी जाऊ देणार नाही.

तुझीच भांडखोर,
जयू